पूल तेवढा आबांना द्या

ग्वाल्हेर, ९ ऑक्टोबर २०२४

रुचिकाताईंना यशश्रीचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, इथे सगळे ठीक आहेत. फोनवर बोलले तर आबा ऐकतात. मोबाइलवर लिहिलं तर हर्षिता वाचते, कारण माझा मोबाइल आता अर्धा तिचाच झालाय. शिवाय फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कागदावर तरी द्याल.

यंदा चंपाषष्ठीला जेजुरीला जायचं असं आबांनी दसऱ्याआधीच जाहीर करून टाकलंय. तुमचा दादा, संग्राम, गेल्यापासून दोन वर्षं गाडी दक्षिणेला गेलेली नाही. मलाही जायचंय. कुलदैवताला असं किती दिवस टाळणार? प्रश्न एवढाच, की गाडी कोण चालवणार.

तुमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, तरी घरची रीत विसरला नसाल. ग्वाल्हेर ते गुना आबा, गुना ते देवास संग्राम, मग घाट संग्राम, आणि खलघाटला नर्मदेवरचा पूल पुन्हा आबा. आपले लोक दक्षिणेतून हीच नदी ओलांडून आले, तेव्हा परत जाताना गाडी घरातल्या थोरल्यानंच पार न्यायची. दुसरी रीतही आठवत असेल. रिसाल्यातल्या पणजोबांपासून चालत आलीय म्हणे. मांड ज्याची, त्याला कुणी टोकायचं नाही. मागून ओरडलं की घोडा बुजतो. घोडे जाऊन जमाना झाला, पण आपल्या गाडीत अजून मागून कुणी ‘सांभाळून’ म्हणत नाही. उतरायचं कधी हेही चालवणारा स्वतः ठरवतो, मागायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार कौतुक वाटलं होतं. माझ्या माहेरी गाडीत चौघे चार दिशा सांगायचे.

आता दुसरा ड्रायव्हर मी. त्याला आबांची ना नाही. पण ताई, त्यांना बाजूचं दिसत नाही. गेल्या महिन्यात आपल्या खासगी बाजार पेठेत त्यांनी पेरूचा ठेला उलटवला. ठेला डावीकडे उभा होता, चांगला रंगीत, छत्री लावलेला. आबा म्हणाले, “अचानक आला.” ठेला कसा अचानक येईल? घरातसुद्धा डाव्या हाताला ठेवलेली वाटी त्यांना सापडत नाही, आणि मग मी ती वाढलीच नाही असं होतं.

मी बोलले तर सून बोलली असं होईल. तुम्ही लेक आहात. तुम्ही सांगा.

तुमची,
यशश्री

---

कोल्हापूर, १९ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र मिळालं. किती वर्षांनी हातानं लिहिलेलं पत्र आलं! पोस्टमनलाही नवल वाटलं. पण वाचून मात्र मन खट्टू झालं, ते सरळच सांगते.

मी त्याच दिवशी आबांना फोन लावला. तुमचं नाव घेतलं नाही. म्हटलं, आबा, गच्चीवर जा आणि बाजारात काय काय दिसतं ते मला सांगा, मला दौलतगंजची आठवण येतेय. त्यांनी एकेक पाटी वाचून दाखवली. समोरच्या मिठाईवाल्याच्या पाटीवरचा बारीक अक्षरातला फोन नंबरसुद्धा! मी तो लावून बघितला, मिठाईवाल्यानंच उचलला. सत्त्याहत्तराव्या वर्षी एवढं कुणाला दिसतं? माझ्या सासऱ्यांना तर ताटातलं मीठ दिसत नाही.

वहिनी, ठेला कुणाकडूनही उलटतो. दादाकडूनही महाराज बाड्याच्या चौकात एकदा ई-रिक्षा ठोकली गेली होती, तेव्हा कुणी त्याच्या हातून किल्ली काढून घेतली नाही. दादा गेल्यावर घरातलं सगळं हळूहळू तुमच्या हाती आलं. बँकेचं काम, किराणा, डॉक्टर. यायलाच हवं होतं. पण आबांजवळ आता ती किल्ली सोडून काय उरलंय? ती देवघराच्या खुंटीवर टांगलेली असते. सकाळी उठल्यावर ते आधी देवाला हात जोडतात की किल्लीला, हे कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही.

तुम्हाला चालवायची हौस आहे ते कळतं. चालवा. पण त्यांना म्हातारं ठरवू नका.

रुचिका

---

ग्वाल्हेर, ११ नोव्हेंबर

रुचिकाताई,

हौस! कपाळ माझं. घाटात गाडी चालवायला मला नको वाटतं. मांडीवर पोथी घेऊन मागच्या सीटवर झोपून जायला मला कधीही आवडेल.

रागावले होते, म्हणून दिवाळी होईपर्यंत लिहिलं नाही. मध्ये आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. चष्म्याचा नंबर बघायचा म्हणून नेलं, खरं कारण सांगितलं असतं तर ते उठलेच नसते. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना, आणि डाव्या बाजूचं जवळजवळ सगळं गेलंय. डॉक्टरांनी मला कागदाची नळी करून दाखवली आणि म्हणाले, यातून बघा. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला अगदी स्वच्छ दिसलं, तारखांसकट. शेजारी बसलेले आबा मात्र दिसले नाहीत. तुमचा मिठाईवाला असाच दिसला त्यांना.

डॉक्टर म्हणाले, “बाबूजी, अब गाड़ी मत चलाइए.” आबा म्हणाले, “सामने का दिखता है ना? सड़क तो सामने ही होती है.” डॉक्टर हसले. मी नाही हसले.

घरी आल्यावर आबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “सुनबाई, गुन्यापर्यंत मी चालवीन, तू आराम कर.” जसं काही डॉक्टरकडे गेलोच नव्हतो. हर्षिता मला म्हणते, “मम्मी, आबा को साइड का दिखता ही नहीं है, आप सीधे बोल क्यों नहीं देतीं? इसमें क्या इज्जत का सवाल है?” वीस वर्षांची आहे, तिला सगळं सरळ दिसतं. तिला कसं सांगू, की या घरात तेवीस वर्षं मी त्यांच्यासमोर पूर्ण वाक्य बोलले असेन ते बहुतेक “वाढू का?” एवढंच.

माझं एक म्हणणं आहे. सगळा रस्ता मी चालवते. हळू जाऊ, इंदूरला मुक्काम करू. तुम्ही फक्त आबांना सांगा, की यंदा तुम्ही शेजारी बसा. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. हर्षिता गाडीत असणार आहे, ताई. दादाची लेक आहे तुमच्या.

यशश्री

---

कोल्हापूर, २१ नोव्हेंबर

वहिनी,

मागच्या पत्रात मी फार बोलले. माफ करा. तुम्ही डॉक्टरकडे नेलंत, मी नुसता फोन केला.

आबांशी बोलले. ते आधी चिडले, मग रडले. वहिनी, मी आबांना दादाच्या वेळीही रडताना ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, “सगळं तिला देतो. पण नर्मदेवरून मी नेणार. नाहीतर मला इथेच राहू दे, तुम्ही जा.” मी कबूल केलं.

पूल तेवढा आबांना द्या. सरळ पूल आहे, वळण नाही, दोन्ही बाजूंना कठडा. दोन मिनिटांचं काम. पुलावर ना ठेला येतो ना गुरं. पूल संपला की ते स्वतः थांबतील, किल्ली देतील. तुम्ही मागू नका आणि मध्ये टोकू नका, एवढं माझ्यासाठी करा. शेवटचं आहे, पुढच्या वर्षी कुठे ते येणार आहेत!

मी आदल्या दिवशीच जेजुरीला पोहोचते. भंडारा, खोबरं घेऊन ठेवते. येताना तिळाची गजक आणा, इथे मिळते ती गजक नाही, नुसता गूळ आहे. हर्षिताला म्हणावं आत्याशी मराठीत बोलायची तयारी करून ये.

तुमची,
रुचिका

---

कोल्हापूर, २३ डिसेंबर

वहिनी,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. हर्षिताही उचलत नाही. फक्त आबा बोलतात.

मी जेजुरीत भंडारा घेऊन दोन दिवस पायरीवर बसले होते. तुमचा फोन लागेना. मग आबांचा आला, की खलघाटच्या पुढे अपघात झाला, एक बाई गेली, सुनबाई चालवत होती.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. म्हणाले, “मी सांगत होतो तिला, हळू घे, डावीकडे बघ. ऐकलं नाही.”

वहिनी, तुम्हाला जामीन मिळाला, तुम्हाला फारसं लागलं नाही, याचा आनंद आहे. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. तेवढा पूलसुद्धा दिला नाहीत ना? मी हात जोडून मागितलं होतं. त्यांच्या हातून किल्ली काढून घेतलीत, आणि एका माणसाचा जीव गेला. आबांनी आयुष्यात कुणाला ओरखडा काढला नाही. आता या वयात त्यांना पोलीस स्टेशनच्या बाकावर बसावं लागलं.

मी तुमची बाजू घ्यायला तयार आहे. पण आधी खरं काय ते सांगा.

रुचिका

---

ग्वाल्हेर, ४ जानेवारी २०२५

रुचिकाताई,

तुम्ही खरं मागितलंत म्हणून लिहिते. नाहीतर मी गप्पच राहणार होते.

पूल दिला होता. पुलाच्या अलीकडे मी गाडी थांबवली, उतरले, आबांच्या बाजूला गेले आणि किल्ली हातात दिली. ते खुश झाले. नदीला हात जोडले, मांड घेतली. मी डाव्या सीटवर बसले, हर्षिता मागे. पूल त्यांनी अगदी छान नेला. खरंच छान. मला क्षणभर वाटलं, मीच वेडी, उगाच एवढा तमाशा केला.

पूल संपला. ते थांबले नाहीत.

मी वाट बघत होते. दर थोड्या वेळानं वाटायचं, आता थांबतील. तुम्ही सांगितलं होतं, मागू नका. मी मागितलं नाही. आबा गुणगुणत होते, कित्येक महिन्यांत त्यांना असं ऐकलं नव्हतं. मग एक गाव लागलं. दुपारची वेळ, लख्ख ऊन. डाव्या कडेनं एक बाई चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन चालत होती आणि रस्ता ओलांडायला वळली. मला ती दिसली, ताई. चांगली दिसली. लाल लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला. ‘आबा’ एवढाच शब्द काढायचा होता. माझ्या तोंडात तयार होता. मला वाटलं, दिसली असेल, आता ब्रेक लावतील, मी ओरडले तर अपमान होईल. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, म्हणजे तेवढा वेळ होता.

ओरडली हर्षिता. मागून. “आबा, रोको!” आणि आबांनी ब्रेक लावण्याऐवजी आरशात बघितलं आणि म्हणाले, “मागून कोण टोकतंय?” त्यांचं ते वाक्य पुरं झालं आणि गाडीला धक्का बसला.

लोक जमले, पोलीस आले. आबा गाडीचं दार धरून रस्त्यावर उभे होते. मला वाटलं पडतील, म्हणून धरायला गेले, तर त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. हवालदारानं विचारलं, गाड़ी कौन चला रहा था? आबा म्हणाले, “बहू चला रही थी.” त्यानं माझ्याकडे बघितलं. किल्ली माझ्या हातात होती.

मी म्हटलं, “जी.”

का म्हटलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तेवीस वर्षं त्यांच्या बोलण्यावर दुसरं काही म्हणायची सवयच नाही. तोंडातून आपोआप गेलं, आणि मग ते लिहिलं गेलं, त्यावर मी सही केली. आबांची दया आली, हेही खरं. आणि आता त्यांचा राग येतो. इतका की त्यांच्यासमोर ठेवताना ताट आपटलं जातं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, की मी हिला म्हणत होतो हळू घे. दर वेळी गोष्टीत एखादं नवीन वाक्य येतं. मला भीती वाटते, की त्यांना ते आता खरंच वाटायला लागलंय.

मी शिकवते त्या शाळेनं मला ‘केस का फैसला होने तक’ घरी बसायला सांगितलंय. दौलतगंजात माझ्याकडे बोट दाखवतात. ते मी सोसेन. पण हर्षिता माझ्याशी बोलत नाही. शेवटचं बोलली ते असं, “उन्होंने झूठ बोला, वो डर गए थे. आपने क्यों बोला?”

आबांशी तुम्ही बोला. मी एवढंच मागते. त्यांनी स्वतः जाऊन सांगावं.

यशश्री

---

कोल्हापूर, १५ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र आल्यापासून जेवण गेलं नाही. पूल द्या हे मी लिहिलं होतं. टोकू नका हेही मीच. आता त्याला काय करू?

आबांना विचारलं. आधी म्हणाले, सुनबाई खोटं बोलते. मग म्हणाले, मला आठवत नाही. मग फोन ठेवला. ताकदच नाही त्यांच्यात, वहिनी. मी त्यांना ओळखते.

इथे आमच्या ओळखीतल्या वकिलांशी बोलले, नाव न सांगता. ते म्हणाले, बाई चालवत असेल, आधी कधी काही गुन्हा नसेल, तर शिक्षा झाली तरी फार होत नाही, निभावून जातं. पण डॉक्टरांनी मनाई केलेली असताना चालवलं, वर पोलिसांना खोटं सांगितलं, हे बाहेर आलं तर आबांचं काय होईल? आठ दिवस तरी टिकतील का ते आत?

म्हणून हात जोडून सांगते. तुम्ही ‘जी’ म्हणालातच आहात. ते तसंच राहू द्या. दादा असता तर त्यानं स्वतःवर घेतलं असतं, आणि तुम्ही त्याच्या जागी आहात. तुम्ही आमच्या घरच्या आहात. हर्षिताची समजूत मी काढते. शाळेचं काय ते बघू. मी जन्मभर तुमचे पाय धरीन.

जी गेली ती तर गेली. ती काही परत येत नाही. आपल्या घरातलं एक माणूस तरी वाचवू.

हे पत्र फाडून टाका.

रुचिका

---

ग्वाल्हेर, २ फेब्रुवारी

रुचिकाताई,

पत्र फाडलं नाही. फाडून काय होणार, पाठ झालंय.

तुमच्या एका पत्रात ती ‘एक बाई’ आहे, दुसऱ्यात ‘जी गेली ती’. तुमचंच असं नाही, आबांनीही विचारलं नाही, मीही पोलिसांच्या कागदावर वाचलं आणि पान उलटलं. तिचं नाव केसरबाई. तुमचं पत्र आल्यावर मी एकटीच रेल्वेनं इंदूरला आणि तिथून बसनं तिच्या गावी गेले. हर्षिताला मैत्रिणीच्या आईकडे चालले असं सांगितलं. का गेले? तुम्ही म्हणालात तसं करायचं, तर निदान कुणाच्या नावानं करतेय ते बघावं, असं वाटलं.

घर रस्त्यालाच आहे. तिच्या सुनेनं मला पाणी दिलं. मी कोण ते अजून सांगितलं नव्हतं, पाहुणी समजून दिलं. मग सांगितलं. ती काही ओरडली नाही. खाटेच्या कडेला बसली आणि विचारलं, “आप चला रही थीं?”

ताई, तिथे मला ‘जी’ म्हणता आलं नाही. हवालदारासमोर आलं, कागदावर सही करता आली, पण त्या बाईसमोर नाही. मी म्हटलं, “नहीं. मेरे ससुर. मैं बाजू में बैठी थी.”

ती म्हणाली, “आपको दिखी थी अम्मा?”

“दिखी थी.”

“तो बोलीं क्यों नहीं?”

मी तिला काय सांगू? आमच्या घरात टोकत नाहीत, हे? रिसाला, पणजोबा, घोडा? मराठीत हे सांगताना आपल्याला अभिमान वाटतो. त्या अंगणात उभं राहून मला त्यातला एक शब्द हिंदीत करता आला नाही. तिनं उत्तराची वाट बघितली, मग ग्लास उचलून आत गेली. मी निघाले.

घरी आल्यावर आबांसमोर गेले आणि पूर्ण वाक्यात सांगितलं, की मी कोर्टात जबाब बदलणार आहे. वकिलांना कळवलंय. खोटं बोलले त्याची जी शिक्षा असेल ती मलाही होईल. आबा म्हणाले, “खोटं आहे. मांड तुझी होती.” माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. हर्षिता दारात उभी होती. ती म्हणाली, “आबा, मी मागे बसले होते.” मराठीत म्हणाली, ताई. तीही साक्ष देणार आहे.

दोन दिवस आबा खोलीतून बाहेर आले नाहीत. ताट तसंच परत येत होतं. मला काहीच वाटत नाही असं समजू नका. मी दाराबाहेर बसून रडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली आणि विचारलं, “ती कोणत्या बाजूला होती?”

मी म्हटलं, “डावीकडे.”

ते पलंगावर उठून बसले. मग म्हणाले, “मला कुणीच दिसलं नाही गं. रस्ता रिकामा होता.”

या दोन महिन्यांत ते पहिल्यांदा खरं बोलले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी विचारलं नाही आणि मी म्हटलं नाही, की माफ केलं. ते माझ्या हातातलं नाही.

तुम्ही मला माफ करणार नाही, हे गृहीत धरलंय. करायचंच असेल तर कोर्टाच्या तारखेला या, सतराला आहे. आबा म्हणाले, मीही येतो, मला सांगू दे. काल त्यांनी आपला बंद गळ्याचा कोट इस्त्रीला पाठवला. आत गेल्यावर ते सांगतील की ऐनवेळी पुन्हा बदलतील, मला ठाऊक नाही. त्यांनी बदललं तरी मी बदलणार नाही, हे त्यांना सांगून ठेवलंय.

कोर्टाला पायऱ्या बऱ्याच आहेत आणि कठडा उजवीकडेच आहे. मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालणार आहे.

यशश्री